जुन्या नांदेडच्या गल्ल्या

लातूरची गंजगोलाई पाहून नांदेडला येणारा प्रवासी प्रथम काहीसा गोंधळतो. गंजगोलाई ही १९१७ साली आखून बांधलेली पेठ. मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती वर्तुळाकार बाजार, आणि त्यापासून सूर्याच्या किरणांप्रमाणे निघालेले सोळा रस्ते. तेथे वाट चुकलीच, तर कोणताही रस्ता पुन्हा गोलाईवर आणून सोडतो. जुन्या नांदेडात तशी सोय नाही. होळी, गाडीपुरा, चौफाळा, इतवारा या भागांतील गल्ली चार पावले सरळ जाते, एखाद्या वाड्याच्या भिंतीला वळसा घालते, आणि कधी गोदावरीच्या घाटावर, तर कधी कोणाच्या तरी ओट्यापाशी जाऊन थांबते.

अशा शहराला 'दाटीवाटीचे' म्हणून नावे ठेवण्याची आपणांस सवय झाली आहे. मला ती सवय योग्य वाटत नाही. माणसे एके ठिकाणी दाटीने राहतात, त्याला कारण असते. येथे नदीचे पाणी होते, नदीकाठचा नंदगिरी किल्ला होता, बाजार होता. शिवाय मराठवाड्याचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला अरुंद गल्लीचे मोल सांगावे लागत नाही. दोन्ही बाजूंच्या उंच भिंती एकमेकींवर सावली धरतात; माळवदाच्या जाड मातीखाली भर दुपारीही घर निवते. रुंद, झाडे नसलेल्या रस्त्यावर हे सुख कोठून मिळणार?

या दाटीत माणसेही किती दुरून येऊन सामावली! गुरू गोविंदसिंग येथे १७०८ साली आले. येथेच त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले आणि त्याच वर्षी येथेच देह ठेवला. गोदातीरी आश्रम करून राहिलेला एक बैरागी त्यांना येथे भेटला. तोच पुढे बंदा बहादूर म्हणून पंजाबच्या इतिहासात गाजला. महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात येथील गुरुद्वारा बांधविला, तेव्हा उत्तरेकडून आलेली काही मंडळी परत गेलीच नाहीत. त्यांचे वंशज आज दखनी शीख म्हणून ओळखले जातात. बाजारात ते ज्या सहजतेने मराठी बोलतात, ती ऐकून नवख्या प्रवाशाला नवल वाटते; नांदेडकरांना मात्र त्यात नवल असे काहीच वाटत नाही. एका हाकेच्या अंतरात मराठी, पंजाबी, दखनी उर्दू आणि तेलुगू कानांवर पडावी, हे ऐश्वर्य काही लहान नव्हे.

२००८ साली गुरुपद-प्रदानास तीनशे वर्षे झाली. लक्षावधी यात्रेकरू येणार म्हणून शहरातील रस्ते रुंद करण्यात आले. त्यासाठी जुनी घरे व दुकाने पाडावी लागली. हे सर्वच चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. आग लागली असता बंब दाराशी पोहोचला पाहिजे, आजाऱ्याला नेणारी गाडी आत आली पाहिजे. सावलीच्या कौतुकाने माणसाचा जीव वाचत नाही. परंतु एक रस्ता रुंद केल्याने शोभा आली, म्हणून प्रत्येक गल्ली रुंद करावी, हा हिशेब मला मान्य नाही. जेथे बंबापुरती वाट आहे, तेथील भिंतीला हात लावण्यापूर्वी त्या गल्लीत राहणाऱ्यांना विचारावे. सांडपाण्याची नीट सोय आधी करावी. नाहीतर रस्ता कितीही रुंद झाला, तरी ते गोदावरीतच जाणार.

आणि एखादा वाडा पाडणे अटळच असेल, तर त्याचे मोजमाप व छायाचित्रे नगराच्या दप्तरी ठेवावीत. नव्या रस्त्याला गल्लीचे जुनेच नाव राहू द्यावे. गाडीपुऱ्याची पाटी वाचून एखादा मुलगा विचारील, "येथे कोणाच्या गाड्या उतरत असत?" तेव्हा ओट्यावर बसलेले आजोबा त्याला जवळ बोलावून घेतील.