पाट्याच्या बुशात काटकसर नको

जीपला टायर घ्यायचा झाला तर आपण चार दुकाने फिरतो. नक्षी बघतो, कंपनी विचारतो, भाव पाडतो. बॅटरी घेताना गॅरंटीच्या कार्डावर शिक्का मारून घेतो. पण पाट्याचे बुश बदलायची वेळ आली की मिस्त्रीला सांगून मोकळे होतो, "टाक रे कुठलेही!" इथेच आपले चुकते.

जुन्या जीपला चारी चाकांवर पाटे असायचे. २००० साली आलेल्या बोलेरोच्या मागच्या चाकांना आजही पाटेच आहेत. पाट्याचे एक टोक चेसीला पिनेने जखडलेले असते, दुसरे शॅकलवर झुलते. गाडी भरली की कमान सपाट होते, पाटा लांबतो आणि शॅकल मागे सरकते. ही सगळी हालचाल बुश सोसतो. एका पाट्याला असे तीन सांधे. म्हणजे मागच्या दोन पाट्यांना सहा, आणि चार पाट्यांच्या जीपला बारा.

बुश झिजला की आधी खड्ड्यात 'खट्' आवाज येतो. आपण म्हणतो, जुनी गाडी आहे, वाजणारच. पण पाट्यानेच एक्सल जागेवर धरलेला असतो. बुश ढिला झाला की एक्सल हलतो, गाडी रस्ता सोडून पळू पाहते, ब्रेक मारला की एका अंगाला ओढते. घाटात मागे पंधरा माणसे बसलेली असताना हे झाले, तर दोष कुणाला देणार? शिवाय पिन घासून पाट्याचा डोळा मोठा होतो, मग मुख्य पाटाच बदलावा लागतो.

बाजारात बुश मुख्यत: तीन जातींचे मिळतात. पहिला रबरी. रबर स्वत: पीळ खाते, हादरा गिळते, खाचखळग्यात चाकाला मोकळीक देते. त्याला ग्रीस लागत नाही, उलट तेल त्याचा वैरी. पाटे करकरतात म्हणून जळके ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या ऑइलने रबर फुगते, मऊ पडते आणि फाटते.

दुसरा पॉलीयुरेथेनचा, दुकानदार त्याला 'पीयू' म्हणतात. हा कडक, तेलाला दाद न देणारा आणि टिकाऊ. पण हादरा चेसीत जास्त पोचवतो, आणि बसवताना सिलिकॉन ग्रीस लावले नाही तर करकरतो.

तिसरा गनमेटलचा. वजनाला दणकट, पण त्याला निपलमधून नेमाने ग्रीस हवे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या शॅकलला आट्यांचे धातूचे बुश होते, त्यांनाही ग्रीस द्यावेच लागे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायला आपले वाडवडील विसरत नव्हते. आपण गनरने ग्रीस मारायला विसरतो. चिखलाच्या दिवसांत कोरडा गनमेटल पिनेसकट झिजून जातो.

मग घ्यावा कोणता? माझे मत स्पष्ट आहे. पाणंदीने शेतात जाणाऱ्या, घरच्या माणसांच्या गाडीला चांगल्या प्रतीचा रबरी बुशच बरा. रोज बाजार समितीत माल ओढणाऱ्या पिकअपला पीयू परवडतो. गनमेटल त्यानेच घ्यावा, ज्याच्या घरी ग्रीसची गन आहे आणि ती वापरणारा माणूसही आहे.

घेताना जुना बुश सोबत न्यावा, पिनेचे आणि डोळ्याचे माप जुळवावे. रबरी बुशातली लोखंडी नळी मधोमध आहे का, रबराला चिरा आहेत का, हे उजेडात बघावे. आणि एक गोष्ट मिस्त्रीला बजावून सांगा: रबरी बुशाचे नट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवावीत, गाडीचे वजन पाट्यांवर येऊ द्यावे, मगच आवळावे. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुशही लवकर फाटतो.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगणे आहे. सरकारी गाडीच्या दुरुस्तीला तीन कोटेशन मागवता, सर्वांत कमी दराचे मंजूर करता. नियम आहे, ठीक. पण कोटेशन मागवतानाच बुशाची जात आणि प्रत लिहून द्या. नुसते 'बुश' लिहिले की हलकाच माल येणार. पाटे उतरवण्याची मजुरी हलक्या बुशालाही तेवढीच पडते. हलका बुश वर्षात दोनदा बदलला तर मजुरी दोनदा, गाडीचा खाडा दोनदा. स्वस्त कोण पडले, हिशेब तुम्हीच करा.

पुढच्या वेळी गाडी गॅरेजला लागली की पाट्याच्या डोळ्यापाशी पहार घालून हलवून बघा. सांधा हलताना दिसला तर सुगीची वाट बघू नका. माल तर त्या सांध्यावर असतोच, पोरेबाळेही त्यावरच बसलेली असतात.