न लिहिलेली बखर

इतिहासाची साधने कोणती, असे विचारले की शिलालेख, ताम्रपट, बखरी, पत्रे अशी यादी आपण लिहितो आणि गुण मिळवतो. ज्याने लिहिले नाही त्याचा इतिहास नाही, असे एक गृहीत या यादीत दडलेले आहे. आमच्या घरात सहीपलीकडे लेखणी चालवणारा पहिला मीच. म्हणून ते मला बोचते. त्याला एक चांगले उत्तर उत्तर ध्रुवाकडच्या देवमाशाने दिले आहे.

बोहेड नावाचा हा देवमासा हिवाळा बेरिंगच्या समुद्रात काढतो आणि उन्हाळ्यात अलास्काला वळसा घालून बोफोर्टच्या समुद्रात जातो. त्याला दात नाहीत. वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या शेकडो पट्ट्यांच्या चाळणीने तो समुद्रातले बारीक जीव गाळून खातो. ही पट्टी आपल्या नखांच्याच द्रव्याची, चार मीटरपर्यंत लांब. ती मुळाशी वाढत राहते आणि एकदा तयार झालेला भाग पुन्हा बदलत नाही. रोजनिशीच म्हणा ना!

या रोजनिशीची लिपी कार्बनची. निसर्गातल्या शंभर कार्बन अणूंत साधारण एक अणू थोडा जड असतो. तो किरणोत्सर्गी नाही, आहे तसाच टिकतो. म्हणून त्याला स्थिर समस्थानिक म्हणतात. जड-हलक्याचे प्रमाण अन्नाबरोबर शरीरात उतरते. ज्वारीत जड कार्बन तांदळापेक्षा अधिक, त्यामुळे भाकरी खाणाऱ्याच्या आणि भात खाणाऱ्याच्या केसांतही फरक पडतो. तसेच बेरिंगच्या जीवांत जड कार्बन अधिक, पूर्व बोफोर्टच्या जीवांत कमी. पट्टीवर ओळीने नमुने तपासले की चढउताराच्या लाटा दिसतात. एक लाट म्हणजे एक वर्ष. अलास्का विद्यापीठाचे डोनाल्ड शेल व त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली हे प्रसिद्ध केले. बोफोर्ट हेच या देवमाशांचे मुख्य कुरण अशी समजूत होती. प्रौढांच्या स्नायूंतला कार्बन मात्र बेरिंग आणि चुकची समुद्रांच्या बाजूने साक्ष देत होता.

अर्थात साक्ष मिळाली म्हणजे निकाल लागला असे नाही. १९६० च्या दशकानंतर पट्ट्यांतला जड कार्बन घटला आहे, त्या अर्थी बेरिंगचा समुद्र पूर्वीइतका सकस राहिला नाही, असे शेल यांनी २००० साली मांडले. त्यावर आक्षेप आला, की कोळसा आणि तेल जाळून निघणारा कार्बन हलकाच असतो व तो समुद्रात मुरतो. घट त्यामुळेही असेल. शिवाय त्याच काळात बोहेड वाढत होते! बखरीवरून आपले सर भांडतात तसेच हे भांडण. मला ते फार आवडले.

खटकते ते वेगळेच. या पट्ट्या प्रयोगशाळेत आल्या त्या इनुपियात शिकाऱ्यांमुळे. त्यांची शिकार हौसेची नाही, गावाच्या जेवणाची आहे. १९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने ती बंद ठरवली, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजात बोहेड दोन हजारांच्या आत होते. शिकारी सांगत होते, देवमासे बर्फाखालूनही जातात, ते तुमच्या मोजणीत येत नाहीत. पुढे पाण्यात ध्वनिग्राहक सोडून मोजणी झाली, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे निघाले. मेलेल्या देवमाशाचा शब्द प्रमाण आणि जिवंत माणसाच्या शब्दाला यंत्राचा दाखला, हा कुठला न्याय?

आपल्या यादीतही ‘मौखिक साधने’ शेवटी, ‘इत्यादी’च्या जरा आधी येतात. इतिहास विभागाला माझी विनंती आहे, की पुढील वर्षीच्या प्रकल्पांत एक विषय असा असावा: १९७२ च्या दुष्काळात आपापल्या गावी लोकांनी काय खाल्ले. सांगणारी माणसे अजून आहेत.