न कोरलेली मुखं

मनातली कल्पना म्हणजे आतलं चित्र, असं आपण सहज म्हणून जातो. उरण तालुक्यातल्या घारापुरीत हे म्हणणं अडखळतं. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली तिथली सदाशिवाची मूर्ती अंदाजे १८ फूट उंच. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात, कारण मुखं तीनच दिसतात: मधलं शांत तत्पुरुष, एका बाजूला उग्र अघोर, दुसरीकडे सौम्य वामदेव. शैव कल्पनेत मुखं पाच. सद्योजात मागे, कातळाआड. ईशान वर, अव्यक्त. कोरायची राहून गेली असं कोण म्हणेल? १७१० मध्ये तत्त्वज्ञ बर्कलीने विचारलं होतं, समभुजही नाही, समद्विभुजही नाही आणि विषमभुजही नाही असा त्रिकोण डोळ्यांपुढे कसा आणायचा? जे डोळ्यांपुढे आणता येत नाही ते दाखवण्याचा खटाटोपच घारापुरीच्या शिल्पींनी केला नाही. या अंकातली चित्रं निवडताना आम्हीही तेच धोरण ठेवलं आहे.