फटफटी अडून बसते तेव्हा

वर्षभर या सदरात मी शब्दांच्या आणि म्हणींच्या गोष्टी सांगत असतो. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांचा निरोप आला की, या वेळी घरातल्या माणसांना उपयोगी पडेल असे काही लिहा. आता मराठीच्या प्राध्यापकाकडे उपयोगाची वस्तू मागायची म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधायचे! तरीपण आमच्या वैरागात गेल्या दिवाळीच्या सुमारास एक गोष्ट मला फुकटात शिकायला मिळाली, ती तुमच्यापुढे ठेवतो. विषय आहे चालू न होणाऱ्या जुन्या मोटारसायकलचा.

मोटारसायकल हे तिचे कागदोपत्री नाव. आपल्या माणसांनी तिचे बारसे केले ते फटफटी म्हणून. जर्मनीत गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून दुचाकी तयार केली. ती वैरागच्या बाजारात आली असती, तर पोरांनी पहिल्याच फेरीला तिला फटफटी करून टाकले असते. काव काव करतो तो कावळा, चिव चिव करते ती चिऊ, तशी फटफटणारी ती फटफटी. परंतु आवाजावरून मिळालेल्या नावात एक धोका असतो. आवाज गेला की नावही जाते. मुकी झालेली फटफटी म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो लोखंड, आणि लोखंड म्हटले की भंगारवाला आलाच.

असेच लोखंड आमच्या गल्लीत, बार्शी-सोलापूर रस्त्यापासून चार पावलांवर, एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन पावसाळे उभे होते. गाडी येझदी. चेकोस्लोव्हाकियातल्या 'जावा'ची ही म्हैसूरची लेक. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा बाहेर पडू लागल्या, पुढे त्यांनाच येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. या गाडीची एक गंमत आहे. किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा. तो आत दाबून वर उभा केला की किक, पुन्हा आडवा केला की गिअर. नव्या माणसाला गाडी चालू करणे राहू द्या, किकच सापडत नाही!

गाडी होती शेजारच्या गुरुजींची. प्राथमिक शाळेतली नोकरी, आज या खेड्यात बदली, उद्या त्या खेड्यात. पण गाडी कधी बदलली नाही. गुरुजी जाऊन दोन वर्षे झाली. पुण्याच्या मुलाचे म्हणणे, "आई, भंगारात देऊन टाक, शेड तरी मोकळी होईल." मुलाचेही काही चुकत नव्हते. काकूंनी एवढेच सांगितले, "एकदा चालू करून बघू या. मेली आहे का झोपली आहे, तेवढं कळू दे." भंगारवाल्याला वसुबारसेचा वायदा झाला.

मग गाडी एका गॅरेजात गेली. आधी नवा प्लग झाला. मग नवी बॅटरी झाली. मग कार्बोरेटर उघडला, मग कॉइल बदलली. चार हजार रुपये गेले, तेही काकूंच्या पेन्शनमधले. गाडी दोनदा 'फुस्' करायची आणि गप्प. अखेर निदान झाले की इंजिन उघडावे लागेल, बोअर-पिस्टनचे काम निघेल, बारा हजार तरी धरून चाला. बारा हजार ऐकून मुलाने पुण्याहून पुन्हा भंगारवाल्याचे नाव काढले. आणि खरेच, त्या हिशेबाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते.

गावात एक जुने मिस्त्री आहेत. आता हात थरथरतो म्हणून त्यांनी काम सोडले आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. काकूंचा पुतण्या त्यांना घेऊन आला. मला वाटले, आल्या आल्या पाना मागतील. त्यांनी चहा मागितला. पायरीवर बसून त्यांनी विचारले, "वैनी, गुरुजींनी गाडी शेवटची लावली, तेव्हा ती चालत आली होती का ढकलत?"

"चालत. बार्शीहून आले, गाडी लावली, पाय धुतले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं त्यांना."

"रस्त्यात कुठं खोकली? धूर टाकला?"

"काही बोलले नाहीत. गाडीनं जरा कुरकुर केली, तरी जेवताना सांगायचे ते."

"मग इंजिन कशाला फाडायचं?" चाचा म्हणाले. "जी गाडी चालत आली, तिच्या पोटात त्या दिवशी काही बिघडलं नव्हतं. उभ्या उभ्या जे बिघडतं, तेवढंच बघायचं."

वाचकहो, मी पंचवीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे, पण इतके नेमके वर्गीकरण मला सुचले नसते. बिघाड दोन जातींचे: चालताना झालेला आणि उभ्याने झालेला. चालता चालता गाडी बंद पडली तर पिस्टन चिकटला असेल, तार तुटली असेल, जेटमध्ये कचरा आला असेल. पण धडधाकट घरी आलेली गाडी उभी राहून बिघडली, तर संशयितांची यादी एकदम लहान होते.

ती यादी पाहू. पहिले पेट्रोल. महिनोन्‌महिने साठलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ राहते. कार्बोरेटरच्या जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे. ते बुजायला कितीसा वेळ? आता तर २०२५ सालापर्यंत पेट्रोलमधले इथेनॉल वीस टक्क्यांवर पोहोचले आहे. आमचा सोलापूर जिल्हा उसाचा, तेव्हा उसाच्या मळीपासून निघालेले इथेनॉल गाडीच्या पोटात जाते याचे आम्हाला कौतुकच. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. दुसरी बॅटरी. या जुन्या येझदीची ठिणगी सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालते; बॅटरी मेली की किक मारून उपयोग नाही. तिसरे पॉइंट. ठिणगीचा प्रवाह जोडणारी-तोडणारी ही दोन टिकल्यांची जोडी, उघडल्यावर त्यांच्यातले अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर. दमट हवेत टिकल्यांवर बुरशीसारखा थर चढतो. पॉलिश पेपरचा एक हलका हात आणि मग कोऱ्या पोस्टकार्डाने पुसणे, एवढ्यावर हे काम भागते.

यांतले बहुतेक गॅरेजात होऊन गेले होते. चाचांनी तरीही सगळे क्रमाने तपासले. कारण इंजिनाला लागते तरी काय? पेट्रोल, ठिणगी आणि दम. किक मारून प्लग काढला. तो ओला निघाला, म्हणजे पेट्रोल पोहोचते आहे. प्लग कोरडा करून, त्याला टोपी लावून, भोकापासून दूर इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि पुतण्याला किक मारायला सांगितली; निळी ठिणगी पडली, म्हणजे करंट आहे. मग टोपी बाजूला ठेवून प्लगच्या भोकावर अंगठा दाबला आणि पुन्हा किक. हवेने अंगठा उडवून लावला, म्हणजे दम आहे. बारा हजारांचे बोअर-पिस्टन अंगठ्याच्या एका परीक्षेत पास झाले!

तिन्ही आहेत आणि गाडी तर चालू होत नाही. आता काय? चाचा हसले. "आत सगळं जातंय. बाहेर येतंय का, ते कुणी बघितलं?" त्यांनी प्लग परत बसवला, गाडीच्या मागे उकिडवे बसले आणि दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडांवर दोन तळहात धरले. पुतण्याने चार किका मारल्या. तळहातांना वारा लागला नाही.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. येझदी टू-स्ट्रोक जातीची. या इंजिनात जळलेला वायू ज्या क्षणी बाहेर पडतो, त्याच क्षणी त्याच्या जागी नवे मिश्रण आत घुसते. दोन्ही दारे जवळजवळ एकदमच उघडी. त्यामुळे जुना श्वास सोडता आला नाही, तर नवा घेताही येत नाही. अशा इंजिनाला कितीही पेट्रोल पाजा, कितीही ठिणग्या द्या, ते गुदमरलेलेच राहणार.

बॅटरी लावून आत पाहिले, तर दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडात चिखलाची पक्की भिंत! कुंभारीण माशीने दोन पावसाळ्यांत आपली घरे बांधली होती. ती बिचारी आयती पोकळी बघते आणि मातीचे गोळे आणून अंडी घालते. ती कोठे येझदी आणि सुतारपक्ष्याचे भोक यांत फरक करणार? चाचांनी छत्रीच्या तारेने दोन्ही भिंती फोडल्या. ओंजळभर माती निघाली. प्लग पुन्हा कोरडा केला, आणि तिसऱ्या किकेला पांढऱ्या धुराचा लोट सोडून फटफटीने आपले नाव परत मिळवले. सगळी गल्ली गोळा झाली. काकू दारात येऊन मिनिटभर ऐकत उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "पुरे आता. पेट्रोल जळतंय उगीच." गुरुजी हयात असताना रोज सकाळी त्या हेच म्हणत असत. वसुबारसेला भंगारवाला आला, तो चिवडा-लाडू खाऊन मोकळ्या हाताने परत गेला.

गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे दिवसाला दहा गाड्या येतात आणि सुटा भाग बदलणे हे विचारत बसण्यापेक्षा लवकर होते. पण खर्च होतो तो गाडीवाल्याचा, आणि चार भाग एकामागून एक बदलले की नेमका दोष कशात होता हेही कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच किक मारून पाहावी. जी तपासणी फुकट होते ती आधी, जिला पैसे लागतात ती नंतर. पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, टाकीत पेट्रोल आहे का, टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे का (ते बुजले तर गाडी पाच मिनिटे चालून बंद पडते आणि झाकण उघडताच पुन्हा चालते), सायलेन्सर मोकळा आहे का: एवढ्याला चार डोळे आणि एक तळहात पुरतो.

आणि हे दिवस दिव्यांचे आहेत, म्हणून एक कळकळीची सूचना. पेट्रोल उघडे असताना पणती, उदबत्ती, फटाके जवळ नकोत. ओला प्लग गॅसच्या शेगडीवर वाळवणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. फडक्याने पुसून उन्हात ठेवला तरी तो वाळतो.

गाडी चालू झाली म्हणजे लगेच रस्त्यावर काढावी असेही नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मालक वारला असेल तर वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी परिवहन कार्यालयात नमुना ३१ भरून द्यावा लागतो. काकूंनी तो भरला आहे. गाडी आता पुतण्या चालवणार आहे. पेट्रोलमध्ये लिटरला तीस-चाळीस मिलिलिटर टू-स्ट्रोकचे तेल घालायचे, हे त्याने शेडच्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवले आहे.

तुमच्याही घरी एखादी फटफटी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, बॅटरी काढून ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला. मात्र बोळ्याला हातभर लाल चिंधी बांधून ती बाहेर लोंबती ठेवा. नाही तर पुढच्या दिवाळीत तुम्ही त्या कुंभारणीच्या नावाने खडे फोडाल, आणि तळहात लावून पाहिले तर वाटेत बोळा निघेल तुमच्याच जुन्या धोतराचा!