वनांचे रक्षण आणि वनाश्रितांची उपजीविका

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून थोड्याच अंतरावर सिलतरा लागते. भातशेतीच्या सपाट मुलखातील हे गाव आज छत्तीसगडातील एक प्रमुख औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखले जाते. येथील अनेक कारखान्यांत स्पंज लोखंड तयार होते. लोहखनिज न वितळविता, कोळशाच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू काढून घेतला, म्हणजे जे सच्छिद्र लोखंड मागे राहते त्यास हे नाव आहे. असे एक टन लोखंड मिळविण्यास सुमारे दीड टन खनिज आणि एक टनाहून अधिक कोळसा लागतो. छत्तीसगडातील लोहखनिज मुख्यतः दक्षिणेकडील डोंगरांत आहे. कोळसा उत्तरेकडील कोरबा, रायगढ व सरगुजा या भागांत आहे. आणि या दोहोंच्या माथ्यावर बहुतेक ठिकाणी जंगल उभे आहे. म्हणून सिलतऱ्यासारख्या ठिकाणी उभे राहून पोलादाचा विचार करणाऱ्यासही जंगलाचा, आणि जंगलात पिढ्यानपिढ्या राहत आलेल्या माणसांचा, विचार टाळता येत नाही.

छत्तीसगडच्या एकूण भूमीपैकी सुमारे ४४ टक्के भूमी वन म्हणून दप्तरी नोंदलेली आहे. ही वने ॲमेझॉन खोऱ्यातील किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरील वनांसारखी सदाहरित नव्हेत; ती साल, साग, बांबू, मोह, तेंदू यांची पानझडी वने आहेत. इंद्रावती नदी ओलांडली की हेच जंगल गडचिरोली जिल्ह्यात पुढे चालू राहते. १८६१ पासून १९५६ पर्यंत रायपूर आणि चांदा हे दोन्ही प्रदेश नागपूरच्याच कारभाराखाली होते. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या. परंतु जंगल एकच राहिले आणि त्यापुढील प्रश्नही एकच राहिला. जंगल टिकावे आणि त्यावर जगणाऱ्या माणसाचे पोटही भरावे, हे दोन्ही एकाच वेळी साधेल काय?

या प्रश्नास सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो, माणूस जंगलातून बाहेर काढल्यावाचून जंगल वाचणार नाही. दुसरा म्हणतो, जंगलातील माणूस स्वभावतःच जंगलाचा रक्षक आहे. त्यास मोकळे सोडावे म्हणजे झाले. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. जंगल व उपजीविका ही दोन्ही टिकावयाची तर तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : जंगलावर गावाचा निश्चित हक्क, जंगल किती देऊ शकते याचा हिशेब, आणि जे मिळेल त्याचे योग्य मोल. यांपैकी एकही कमी पडली तर उरलेल्या दोन निष्फळ ठरतात.

व्याज आणि मुद्दल

प्रथम हिशेबाचा विचार करू. जंगल ही एक ठेव आहे असे मानले, तर दर वर्षी होणारी तिची वाढ हे व्याज होय. व्याजावर जगणाऱ्याची ठेव कायम राहते; मुद्दलास हात घालणारा काही वर्षांतच कंगाल होतो. हा नियम समजण्यास सोपा आहे, पण व्याज किती आणि मुद्दल कोणते, हे प्रत्येक वनस्पतीच्या बाबतीत निराळे ठरते.

बांबूचे उदाहरण घेऊ. बांबूच्या बेटात दर पावसाळ्यात नवे कोंब येतात आणि त्यांस आधार व अन्न पुरविण्याचे काम आधीच्या वर्षांच्या काठ्या करतात. म्हणून पक्व काठ्याच तोडाव्यात, कोवळ्या राखाव्यात, प्रत्येक बेटात काही जुन्या काठ्या उभ्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात तोड बंद ठेवावी, असा शास्त्राचा दंडक आहे. तो पाळला तर तेच बेट वर्षानुवर्षे पीक देते. बेट सरसकट साफ केले तर एका हंगामात पैसा पुष्कळ मिळतो, पण बेट खुरटते.

लाखेचे उदाहरण याहूनही बोलके आहे. लाखेचा किडा कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर रस शोषून जगतो आणि आपल्या अंगाभोवती राळेचे कवच निर्माण करतो. ते कवच म्हणजेच लाख. पुढील पिकासाठी जिवंत किड्यांच्या काही फांद्या राखून ठेवाव्या लागतात आणि पीक घेतलेल्या झाडास विसावाही द्यावा लागतो. म्हणजे येथे झाड जिवंत राखण्यातच उत्पादकाचा नफा आहे. जो कुसुम तोडतो तो आपल्याच दुकानास टाळे लावतो. या विषयाच्या अभ्यासासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली, आणि छत्तीसगडात आजही लाखेचे पीक घेतले जाते.

उलट चारोळीची गोष्ट पाहावी. चाराच्या झाडाची फळे उन्हाळ्यात पिकतात. चारोळीस शहरांत चांगला भाव आहे. पण जेथे झाड कोणाचेच नसते, तेथे फळ पिकेपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आपण थांबलो तर दुसरा नेईल, या भीतीने फळे कच्चीच ओरबाडली जातात, कधी फांद्याही छाटल्या जातात. बी रुजण्यास उरत नाही आणि नवी झाडे उगवत नाहीत. मोहाच्या फुलांचेही तसेच. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो, आणि तो वणवा पुढे पसरून रोपटी जाळतो. यात वेचणाऱ्याचे अज्ञान असते असे नाही. आपले झाड आपलेच राहील याची खात्री त्यास नसते. झाडाखाली जाळे बांधले तर फुले स्वच्छ मिळतात आणि आगीचेही कारण उरत नाही. परंतु जाळ्यावर पैसा खर्च करावयाचा तो आपल्या हक्काच्या झाडासाठीच.

हक्काचा इतिहास

ही खात्री नाहीशी कशी झाली, हे कायद्याच्या इतिहासावरून कळते. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन अधिनियमांनी जंगल सरकारची मालमत्ता ठरविली आणि त्यात राहणाऱ्यांचे पूर्वापार व्यवहार सवलतींच्या पातळीवर आणले. १९२७ च्या अधिनियमाने बांबूची गणना वृक्षांत केली. त्यामुळे ज्याच्या सुपाटोपल्यांवर गावाचा संसार चाले, तो बांबू वेचणाराच गुन्हेगार ठरू लागला. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीनेही वनालगतच्या गावांच्या गरजा राष्ट्रहिताच्या मागे ठेवल्या. त्याच काळात कागदाच्या गिरण्यांना बांबू अत्यल्प दराने मिळत होता. राष्ट्रहित या शब्दाचा अर्थ कोण ठरवितो, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

१९८८ च्या वननीतीने ही दृष्टी बदलली आणि वनाश्रितांच्या गरजांना अग्रस्थान दिले. तथापि खरा पालट २००६ च्या वनहक्क अधिनियमाने झाला. या अधिनियमाने बांबूस गौण वनोपज मानले, त्याच्या विक्रीचा हक्क गावास दिला आणि सामूहिक वनाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपविला. अधिकाराबरोबरच वन्यजीव, जलस्रोत व जैवविविधता यांच्या रक्षणाचे कर्तव्यही त्यात सांगितले आहे, हे विसरता कामा नये.

मेंढा आणि पाचगाव

या कायद्याचा उपयोग कसा करावा हे गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावाने दाखवून दिले. २००९ साली या गावास सुमारे १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु कागदावरील हक्क आणि हातातील बांबू यांत अंतर होते. बांबू गावाबाहेर नेण्यास लागणारे वाहतूक परवाने गावास मिळत नव्हते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, आणि गावाने आपला बांबू आपण विकला.

मेंढ्याचे यश केवळ कायद्याचे नव्हे. त्याआधी अनेक वर्षे देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावात अभ्यासगट चालत होते, आणि निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वांच्या सहमतीने घेण्याची रीत पडली होती. त्यामुळे हक्क आला तेव्हा तो वापरण्याची शिस्त गावाजवळ आधीच होती.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास २०१२ साली असाच हक्क मिळाला. त्या गावाने बांबू विकण्याचे ठरविले, पण तेंदूपाने तोडणे बंद केले. कारण त्यासाठी झाडे छाटली व जंगल पेटविले जाते आणि तेंदूची फळे पाखरांना व माणसांना दुर्मीळ होतात. हातचा रोख पैसा गावाने आपण होऊन सोडला. गरिबास जंगलाची दूरदृष्टी नसते, असे म्हणणाऱ्यांनी या निर्णयाचा विचार करावा. छत्तीसगडातही २०१९ मध्ये धमतरी जिल्ह्यातील जबर्रा गावास सामूहिक वनसंपदेचा हक्क मिळाला आहे.

मोलाचा प्रश्न

मात्र हक्क व हिशेब असूनही मोल नसेल तर काय होते, याचा धडा ब्राझील देशातून घेता येतो. ॲमेझॉन खोऱ्यातील आक्री प्रांतात रबराचा चीक काढून जगणाऱ्या मजुरांनी, गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडणाऱ्या जमीनदारांना विरोध केला. त्यांचे पुढारी शिकू मेंदेस यांची २२ डिसेंबर १९८८ रोजी हत्या झाली. त्यांच्याच नावाने १९९० साली एक मोठे राखीव वन स्थापन झाले; त्यात वृक्षतोडीऐवजी चीक व कवचफळे गोळा करण्याचा हक्क तेथील रहिवाशांना मिळाला. पण रानटी रबराचा भाव पडलेलाच राहिला, आणि पुढे त्याच राखीव वनात काही कुटुंबे चरितार्थासाठी गुरे पाळू लागली. ज्या कुरणांविरुद्ध लढा झाला, तीच आत शिरली. हक्क होता, मोल नव्हते.

आपल्याकडील मोलाचा हिशेब असा आहे. छत्तीसगडात तेंदूच्या ५० पानांचा एक पुडा व १,००० पुड्यांची एक प्रमाणित गोणी धरतात. २०१९ मध्ये एका गोणीस ४,००० रुपये व २०२४ मध्ये ५,५०० रुपये दर ठरला. म्हणजे भर उन्हाळ्यात रानात हिंडून तोडलेल्या, निवडलेल्या व बांधलेल्या प्रत्येक पानामागे ११ पैसे पडतात. दर वाढला हे चांगलेच झाले; परंतु कच्चा माल वेचून देणे एवढेच काम जोवर गावाकडे आहे, तोवर दराची दोरी दुसऱ्याच्या हाती राहणार. चाराचे बी कवचासह विकले तर थोडे पैसे येतात. तेच फोडून आतील चारोळी विकली तर पुष्कळ अधिक येतात. वाळविणे, निवडणे, फोडणे व साठविणे ही कामे गावातच झाली, तर तेवढ्याच झाडांतून अधिक उत्पन्न निघते आणि झाडांवरील भार वाढत नाही. जंगल न वाढविता उपजीविका वाढविण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.

आक्षेप आणि अपेक्षा

ग्रामसभेच्या हाती जंगल गेले तर ते गावातील चार बलदंडांच्या हाती जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. ठेकेदाराने गावाची रक्कम थकविल्याची उदाहरणे आहेत आणि हिशेब उघड न ठेवणारी गावेही आहेत. पण यावरचा उपाय हक्क काढून घेणे हा नव्हे. हिशेब उघड्यावर वाचणे हा आहे. जंगलापासून अन्नपाणी मिळविणाऱ्यास ते नष्ट झाल्याचा फटका प्रथम बसतो, आणि म्हणूनच राखण्याचे कारणही त्यालाच सर्वांत अधिक असते. शिवाय सर्वच नासधूस कुऱ्हाडीने होत नाही. एका खाणीने जेवढे वन एका वर्षात जाते, तेवढे तोडण्यास गावास अनेक पिढ्या लागतील.

यामुळेच उद्योगाकडूनही काही मागणे रास्त आहे. २०१५ च्या दुरुस्तीने खनिज कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली. खाणधारकांनी त्यात रक्कम भरावयाची आणि ती खाणबाधित लोकांसाठी खर्च व्हावयाची. या निधीतील एक निश्चित वाटा गावोगावी वाळवणाचे ओटे, कोठारे, चारोळी फोडण्याची यंत्रे आणि वनाची मोजणी यांसाठी राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. जंगलातील तरुण कारखान्यात कामास आला तर त्यात वाईट काहीच नाही. मात्र तो आपल्या पसंतीने यावा. मागे जंगलात काही उरले नाही म्हणून येऊ नये.

शाळांनाही येथे काम आहे. जंगलालगतच्या प्रत्येक शाळेने आपल्या शिवारातील वनाचा एक ठरावीक तुकडा निवडावा आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर त्यातील चार, मोह, कुसुम व तेंदू यांची नवी रोपे मोजून वहीत नोंदवावीत. पाच वर्षांच्या अशा नोंदीवरून, गाव व्याज खात आहे की मुद्दल, हे सातवीतील विद्यार्थ्यासही सांगता येईल. ती वही ग्रामसभेपुढे वाचली जावी, आणि त्या वर्षी काय व किती वेचावयाचे याचा निर्णय ती पाहून व्हावा.