दोन विमानतळ आणि मधलं आकाश

अंतराला वेगाने भागलं की आला प्रवासाचा वेळ, असं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना उगाच वाटतं. हेलसिंकी-टोकियो घ्या. गोलावरचं सर्वांत कमी अंतर साधारण ७,८०० किमी. विमान नऊ-साडेनऊ तासांत पोचायचं. २०२२ मध्ये रशियाने युरोपच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि फिनएअर उत्तर ध्रुवावरून, नाहीतर दक्षिणेकडून वळसा घालून, तेरा-एक तास घ्यायला लागली. विमानतळ जागच्या जागी! (१९८३ मध्ये, सोव्हिएत काळातही, ती ध्रुवावरूनच जायची म्हणा.) तरी अंतर सांगणारी संकेतस्थळं आपली तीच सरळ रेषा मोजत बसतात. माझं स्पष्ट मत, किमी नकोत, तास छापा. आणि जाताना-येतानाचे वेगळे छापा, कारण वाराही एकाच बाजूने वाहतो.