पहिलेपणाचा मान सोडणारा संशोधक

पनवेल : पनवेलमधील दाम्पत्याला टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसाठी आता मुंबई गाठावीच लागते असे नाही. हे उपचार आज मुख्यतः खासगी केंद्रांत होतात. मुंबईत त्यांचा पाया मात्र परळला, सार्वजनिक पैशावर घातला गेला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी महापालिकेच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे यश देशातील पहिले म्हणून नोंदले गेले.

वास्तविक कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच, ब्रिटनच्या लुईस ब्राउननंतर अवघ्या ७० दिवसांनी, 'दुर्गा' जन्मली होती. त्यांनी तर गोठवलेला भ्रूण वापरला होता. ऑस्ट्रेलियात तसे बाळ जन्मायला १९८४ साल उजाडले. तरीही पश्चिम बंगाल सरकारच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, परदेशी परिषदेला जाऊ दिले नाही, आणि शेवटी बदली केली ती चक्क नेत्ररोग संस्थेत! १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

विज्ञान तेच होते. मुंबईत पाठीशी रुग्णालय होते, संशोधन संस्था होती. कोलकात्यात एकटा माणूस.

आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांची कागदपत्रे तपासली आणि १९९७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. तोवर तो मान त्यांच्या स्वतःच्या चमूचा होता.